तुलनेसाठी कुठलं पाणी घ्यायचं? मुंबईत नदी तपासणाऱ्या नवख्यांसाठी

मरोळच्या पुलावरून दोरीला बांधलेली बादली मिठी नदीत सोडायची, पाणी वर ओढायचं, मीटर बुडवायचा. डीओ, म्हणजे पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन, एकाच्याही खाली. मुलं उत्साहाने आकडा वहीत लिहितात. मग त्यांच्यातलं एखादं विचारतं, "सर, पण असायला किती हवा होता?"

आमच्या गटात पहिल्या वर्षी हा प्रश्न आला तेव्हा मी ठोकळेबाज उत्तर दिलं होतं: 5. आंघोळीच्या पाण्यासाठी केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचा निकष तसाच आहे. डीओ लिटरमागे किमान 5 मिलिग्रॅम, बीओडी, म्हणजे पाण्यातली घाण कुजवताना जंतू जो ऑक्सिजन खातात तो, जास्तीत जास्त 3, पीएच 6.5 ते 8.5. पण हा निकष माणसाच्या अंगाला पाणी चालेल का ते सांगतो. ती नदी मुळात कशी असायला हवी होती, यावर तो गप्प आहे. 25 अंश तापमानाच्या गोड्या पाण्यात हवेतून साधारण 8.3 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशाला 7.6. म्हणजे जो ओढा जानेवारीत आठच्या आसपास असायला हवा, तो साडेपाचवर घसरला तरी निकषात पास होतो. पस्तीस गुणांना पास झालेल्या पोराला कुणी पहिल्या नंबराचा म्हणत नाही, तसंच हे.

नदीचं स्वतःचं माप हवं असेल तर तिच्यासारखीच, पण न बिघडलेली जागा शोधावी लागते. हेच संदर्भस्थळ. आमच्यात सगळे 'रेफरन्स साइट' म्हणतात. 2000 सालच्या युरोपीय जलधोरण निर्देशाने तर नद्यांची पाच दर्जांची प्रतवारीच अशा संदर्भस्थितीपासून नदी किती लांब गेली यावर बसवली. आपल्याकडेही 2005 च्या पाणी-तपासणीच्या एकसमान पद्धतीत 'बेसलाइन' केंद्रं वेगळी धरलेली आहेत. संकल्पना नवी नाही. मुंबईत अडचण एवढीच की अशी जागा सापडत नाही, आणि सापडली असं वाटतं तेव्हा बहुतेक वेळा आपण फसलेलो असतो.

आधी एका ओळीत प्रश्न लिहा

"मिठी किती प्रदूषित आहे?" हा प्रश्न कामाचा नाही. "आरेतल्या तबेल्यांच्या शेणाने मिठीच्या वरच्या दोन किलोमीटरांत काय बदल होतो?" हा कामाचा. कारण संदर्भस्थळ कसं असावं हे या ओळीवरून ठरतं: तुमच्या जागेसारखंच सगळं, फक्त तुम्ही मोजताय तो त्रास तिथे नको. शेणाचा परिणाम मोजायचा असेल तर संदर्भस्थळी तबेला नको. भिंती बांधून पात्र आवळल्याचा परिणाम मोजायचा असेल तर तिथे भिंत नको. पण झाडांची सावली, उतार, तळाचा दगड, ओढ्याची रुंदी हे मात्र जुळायला हवं.

नवखी मंडळी नेमकी इथे घसरतात. सगळ्यात निर्मळ, सगळ्यात सुंदर जागा निवडतात. कान्हेरीच्या बाजूचा धबधब्यासारखा ओढा आणि मरोळची रुंद, सपाट, उन्हात तापलेली मिठी यांची तुलना केली तर फरक प्रदूषणाचा किती आणि उताराचा किती हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही. खळाळणारं पाणी हवेशी घुसळून ऑक्सिजन ओढून घेतं, संथ पाण्याला ते जमत नाही. यात कुणाचाच दोष नाही.

नदीचे तुकडे पाडा

मुंबईच्या चारही नद्या, मिठी, दहिसर, पोईसर आणि ओशिवरा, छोट्या आहेत. मिठी जेमतेम अठरा किलोमीटर, दहिसर बाराच्या आसपास. पण या छोट्याशा अंतरात प्रत्येक नदी तीन वेगळ्या नद्या होते. वरचा डोंगरातला तुकडा: दगडगोटे, सावली, उतार. मधला सपाटीचा: वस्ती, भिंती, गाळ. आणि शेवटचा भरतीचा: खारं पाणी, चिखल, तिवरं. नकाशावर तिन्ही वेगळ्या रंगांनी रंगवा. प्रत्येक तुकड्याचं संदर्भस्थळ वेगळं असेल, आणि पहिल्या वर्षी तुम्ही फक्त वरच्या तुकड्याचं काम करा असा माझा आग्रह आहे. का, ते खाली भरतीपाशी येईल.

घरबसल्या चाळणी

आता गूगल अर्थ उघडा. डिसेंबर-जानेवारीची चित्रं बघा, पावसाळ्यात ढगांशिवाय काही दिसत नाही. जुन्या वर्षांची चित्रंही चाळा. आजचं गवताळ मोकळं माळरान पंधरा वर्षांपूर्वी भरावाची जागा असू शकतं. प्रत्येक संभाव्य जागेच्या वरच्या अंगाचं पाणलोट क्षेत्र पेन्सिलीने आखा आणि त्यात काय काय येतं ते लिहा: पाडा, तबेला, रस्ता, खाण, मंदिर, नर्सरी, बंधारा. जिथे यादी सगळ्यात छोटी, ती जागा वर.

ही यादी पाण्याला हात न लावता करायची आहे, हे महत्त्वाचं. डीओ चांगला आला म्हणून जागा संदर्भ ठरवली आणि मग बाकीच्यांचा डीओ तिच्याशी ताडून 'वाईट' ठरवला, तर ते उत्तर बघून गणित सोडवल्यासारखं झालं. जागा निवडायची ती जमिनीवर काय चाललंय यावरून. पाणी फक्त त्या निवडीची खातरजमा करतं.

धरणांबद्दल थोडं थांबून सांगायला हवं, कारण मुंबईतला सगळ्यात मोठा खड्डा हाच. मिठीचा उगम विचारला तर सगळे सांगतात विहार आणि पवईचं ओसंडणारं पाणी. दहिसरचा उगम तुळशीपाशी. विहार 1860 चं, तुळशी 1879 चं, पवई 1891 चं. तिन्ही माणसाने बांधलेले तलाव. म्हणजे तुम्ही ज्याला उगम म्हणता तो सांडवा आहे. सांडव्यातून पाणी येतं ते तलाव भरल्यावर, पावसाळ्यातले काही आठवडे. आणि ते पाणी ओढ्याचं नसतंच. गाळ तलावात खाली बसलेला, वरचा थर उन्हात तापलेला, त्यात शेवाळ वाढलेलं. दुपारी दोनला मीटर बुडवला तर शेवाळाच्या कृपेने डीओ मावण्याच्या मर्यादेच्याही वर जातो, पहाटे तोच खाली येतो. नवख्याला दुपारचा आकडा दिसतो आणि तो खूश होऊन 'संदर्भ' असं लिहून टाकतो. पवईचं तर बोलायलाच नको, तिथे जलपर्णी आणि सांडपाणी दोन्ही आहेत.

तलावाच्या खाली जाऊ नका. तलावात येऊन मिळणारे ओढे, किंवा धरण टाळून थेट नदीला मिळणारे जंगलातले फाटे शोधा. संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं क्षेत्र सुमारे 104 चौरस किलोमीटर आहे आणि त्यात असे फाटे भरपूर आहेत. जायला मात्र परवानगी लागते. अभयारण्यात आणि राष्ट्रीय उद्यानात अभ्यासासाठी नमुने घ्यायचे तर वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 लागू होतो. अर्ज वन विभागाकडे, लेखी, संस्थेच्या किंवा कॉलेजच्या पत्रावर, आणि हाताशी दोन-तीन महिने ठेवून. परवाना नसताना "आम्ही फक्त पाणीच घेतोय हो" असं गार्डला सांगणं हा उपाय नव्हे.

चालायला लागा, आणि माणसांना विचारा

आमची पहिली लाडकी जागा आरेच्या बाजूला होती. वर दाट झाडी, खाली काळे गुळगुळीत दगड, पाणी इतकं नितळ की तळाचा खेकडा दिसायचा. नकाशावर वरच्या अंगाला काहीही नव्हतं. सकाळी आठला नमुने घ्यायचो. डीओ उत्तम, पीएच ठीक, पण अमोनियाच्या किटमध्ये दर वेळी थोडा रंग चढायचा. तीन फेऱ्या आम्ही किटलाच शिव्या घातल्या. नवं किट आणलं, रंग तोच.

शेवटी जवळच्या पाड्यावरच्या एक मावशी कपडे घेऊन चालल्या होत्या, त्यांना विचारलं.

"मावशी, इथे वर कुणाची वस्ती आहे का?"

"वस्ती नाय. पण दुपारच्या म्हशी बसतात ना वर, डोहात."

"कधीपासून?"

"कायमच. तुम्ही सकाळी येता, मग तुम्हाला कशा दिसणार?"

उपग्रहाच्या चित्रात म्हशींचा डोह नुसती काळी सावली दिसत होता. ती जागा यादीतून गेली. एवढे श्रम वाया गेले म्हणून गटातल्या दोघांनी जागा ठेवण्याचा हट्ट धरला होता, तो मी मोडून काढला आणि त्याबद्दल मला आजही वाईट वाटत नाही. मात्र तेव्हापासून आमचा नियम आहे: संभाव्य जागेपासून निदान अर्धा किलोमीटर वर ओढ्याच्या पात्रातून चालत जायचं, एकदा सकाळी आणि एकदा दुपारी, एकदा सुट्टीच्या दिवशी आणि एकदा आडवारी. उद्यानातल्या ओढ्यांवर रविवारी सहलीची गर्दी असते, साबण आणि प्लॅस्टिक दोन्ही पाण्यात उतरतं. सोमवारी उद्यान बंद, त्यामुळे मंगळवारी गेलात तर आदल्या आठवड्याचं काहीच दिसत नाही.

मावशींनी आणखी एक गोष्ट फुकटात सांगितली, जी कुठल्याच नकाशात नव्हती. "होळीपर्यंत वाहतं, मग नुसती डबकी." ही माहिती सोन्यासारखी आहे. स्थानिकांना विचारायचे माझे प्रश्न ठरलेले आहेत. पाणी कुठल्या सणापर्यंत असतं? खेकडे-मासे पूर्वी मिळायचे ते अजून मिळतात का? पाण्याला कधी वास किंवा फेस येतो का? वर कुणी धुणं धुतं का, भाजीला पंप लावतं का? कागद-पेन काढून विचारू नका. चहा घेत विचारा.

मग मीटर, आणि मग दगड उलटा

खातरजमेच्या पहिल्या फेरीत डीओ, तापमान, पीएच, कंडक्टिव्हिटी (पाण्यातून वीज किती सहज वाहते ते), गढूळपणा आणि अमोनिया एवढं पुरे. यातल्या कंडक्टिव्हिटीवर माझा सगळ्यात जास्त भरवसा. मीटर स्वस्त, उत्तर दोन सेकंदांत. सांडपाण्यात मीठ असतं, साबण असतो, त्यामुळे आकडा चढतो. एकाच डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्यांमध्ये एखाद्याचा आकडा शेजाऱ्यापेक्षा अचानक दुप्पट आला, तर वरच्या अंगाला काहीतरी आहे असं समजून परत चालायला लागा.

पण मीटर त्या क्षणापुरतं सांगतो. गेल्या दोन महिन्यांत पाण्यावर काय गुजरलं हे तळातले किडे सांगतात. मुठीएवढा दगड उचला, पांढऱ्या ट्रेमध्ये धुवा. मेफ्लायची पिल्लं दिसली, चपटी, बहुतेकांना तीन शेपट्या आणि पोटाच्या बाजूंना हलणारे कल्ले, की जीव थंडावतो. कॅडिसफ्लायच्या अळ्या वाळूचे कण किंवा काड्या चिकटवून स्वतःभोवती नळीसारखं घर करतात, मुलांना त्या फार आवडतात. दोन्ही किडे ऑक्सिजन कमी झाला की आधी गायब होतात. उलट ट्रेमध्ये फक्त लाल रक्तकिडे आणि गांडुळासारखे बारीक किडे वळवळत असतील, तर मीटरने काहीही सांगितलेलं असो, ती जागा संदर्भाची नाही. रक्तकिड्यांच्या अंगात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ते ऑक्सिजन तुटपुंजा असला तरी तग धरतात.

नमुना घेण्याची रीत थोडक्यात: प्रवाहाच्या मध्यावर, बाटलीचं तोंड पाणी येतं त्या दिशेला, तीसेक सेंटिमीटर खोल. ओढा उथळ असेल तर तळ न ढवळता. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळायची, डीओच्या बाटलीत बुडबुडा राहता कामा नये. बीओडीची बाटली बर्फात ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत. आपल्याकडे बीओडी 27 अंशाला तीन दिवसांचा काढतात. परदेशी लेखातला आकडा 20 अंशाला पाच दिवसांचा असू शकतो, ताडताना बघून घ्या. आणि सगळ्या जागा शक्यतो दिवसाच्या एकाच वेळी.

एक जागा पुरत नाही

किमान तीन. पाच जमल्या तर उत्तम. एकट्या जागेला शेजारच्या झाडाची फांदी पडून डोह अडला तरी तुमचा सगळा 'संदर्भ' बदलतो. तीन जागांमधून एक पट्टा मिळतो: जानेवारीत या डोंगराच्या निरोगी ओढ्यांचा डीओ इतक्यापासून इतक्यापर्यंत असतो. तुमच्या नदीचा आकडा त्या पट्ट्यात बसतो की बाहेर, हे बघायचं. परदेशात मोठमोठ्या यंत्रणा शेकडो संदर्भस्थळांच्या आकड्यांवरून टक्केवारीच्या रेषा आखतात. तीन जागांवर ते गणित करू नका, हसू होईल. किमान आणि कमाल लिहा, बस.

आणि फेऱ्या? पावसाच्या मध्यावर एक, पाऊस उघडल्यावर ऑक्टोबरात एक, जानेवारीत एक, आणि प्रवाह तुटायच्या आधी शेवटची. इथे मुंबईची एक गंमत आहे, जी समजायला आम्हाला दोन वर्षं लागली. मे महिन्यात आमची जंगलातली सगळी संदर्भस्थळं कोरडी ठणठणीत. पालापाचोळा आणि तापलेले दगड. त्याच दिवशी खाली बोरिवलीत, श्रीकृष्ण नगरच्या पुढे, दहिसर नदी मात्र व्यवस्थित वाहत होती. गटातली एक मुलगी म्हणाली, "मग हे पाणी येतंय कुठून?" वरचा ओढा आटलेला, पाऊस नाही, तरी नदी वाहते म्हणजे ते पाणी घराघरांतून आलेलं. आम्ही मेमधल्या बीओडीची संदर्भस्थळाशी तुलना करायची म्हणून आकडा शोधत बसलो होतो. प्रत्यक्षात 'संदर्भस्थळ कोरडं' हीच त्या महिन्याची नोंद होती, आणि ती कुठल्याही बीओडीपेक्षा जास्त बोलकी होती. तेव्हा कोरडी फेरीही फेरी समजा. तारीख टाका, फोटो काढा, 'प्रवाह नाही' असं लिहा. जानेवारीचा जुना आकडा उचलून मेच्या रकान्यात भरू नका.

सपाटीसाठी शहराबाहेर जावं लागतं

मधल्या तुकड्याला मुंबईत संदर्भच उरलेला नाही. सपाटीवर वाहणारी, वस्ती नसलेली नदी या शहरात दाखवा, मी तुम्हाला वडापाव देतो. अभ्यासक अशा वेळी पायऱ्या करतात: जवळपास अस्पर्श, ऐतिहासिक नोंदींवरून बांधलेली, उपलब्ध जागांतली सगळ्यात कमी बिघडलेली, आणि चांगली देखभाल केली तर जास्तीत जास्त जिथवर पोचता येईल ती. सपाटीसाठी आपल्याला तिसऱ्या पायरीवर समाधान मानावं लागतं, आणि तसं अहवालात उघड लिहावं लागतं. 'कमीत कमी बिघडलेली' आणि 'नैसर्गिक' हे शब्द अदलाबदल करून वापरले की वाचणाऱ्याची फसवणूक होते.

वसईजवळचं तुंगारेश्वर, शहापूरकडचं तानसा, कर्जतच्या परिसरात उल्हास नदीला मिळणारे छोटे ओढे, इथे शोधायला सुरुवात करा. खडक तोच दख्खनच्या लाव्हाचा, मान्सून तोच. पण जसजसं सह्याद्रीच्या भिंतीकडे जाल तसा पाऊस मुंबईपेक्षा खूप वाढतो आणि उतारही. म्हणून भिंतीच्या पायथ्याशी न जाता शक्य तितकं पश्चिमेला, कमी उंचीवर थांबा. भातखाचरं पाणलोटात येणारच. खत टाकण्याचे दिवस शेतकऱ्याला विचारून ठेवा आणि त्या आठवड्यातली फेरी टाळा, नाहीतर नायट्रेट बघून घाबराल.

भरतीचं पाणी पहिल्या वर्षी नको

माहीमच्या बाजूला किंवा बीकेसीत नमुना घेतला तर बाटलीत नदी किती आणि समुद्र किती हे वेळेवर अवलंबून. समुद्राच्या पाण्याची कंडक्टिव्हिटी पन्नास हजार मायक्रोसीमेन्सच्या घरात, गोड्या ओढ्याची काही शे. खाऱ्या पाण्यात ऑक्सिजनही कमी मावतो: 25 अंशाला गोड्या पाण्यात 8.3, तर पूर्ण खाऱ्यात पावणेसातच्या आसपास. त्यामुळे जंगलातल्या ओढ्याशी इथली तुलना होऊच शकत नाही. संदर्भ लागतो तो तितक्याच खारेपणाच्या, तिवरं शाबूत असलेल्या खाडीचा, आणि दोन्हीकडे भरतीच्या त्याच टप्प्यावर. उधाणाच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या, दिवशी एक आणि भांगाच्या, म्हणजे लहान भरतीच्या, दिवशी दुसरा असं केलंत तर आकडे जुळणार नाहीत. कोळीवाड्यातल्या कुणा काकांशी आधी ओळख करून घ्या. भरतीचं वेळापत्रक छापील मिळतं, पण पाणी त्या अरुंद पात्रात नक्की कधी फिरतं ते त्यांनाच माहीत असतं.

सुरक्षेचं बोलून घेऊ

जंगलात बिबटे आहेत, त्यामुळे पहाटे आणि संध्याकाळी काम नाही, आणि एकट्याने तर कधीच नाही. शहरातल्या तुकड्यात गमबूट आणि हातमोज्यांशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही. पायाला साधी चीर असली तरी लेप्टोची भीती असते. आणि पाऊस. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पडला, हे मुंबईत कुणाला सांगायला नको. पण तितका नसतानाही डोंगरातला ओढा अर्ध्या तासात कमरेपर्यंत चढतो. वर ढग काळे झाले की बाटली अर्धी असली तरी बाहेर.

वहीत काय लिहायचं

जीपीएसचे आकडे, चारही दिशांचे फोटो दर वेळी त्याच दगडावर उभं राहून, वर चालत गेल्याची तारीख, कुणाशी बोललो आणि ते काय म्हणाले. आणि एक पान नाकारलेल्या जागांचं, कारणासकट. हे पान लोक लिहीत नाहीत, मग पुढच्या वर्षीची नवी मुलं तोच म्हशींचा डोह पुन्हा शोधून काढतात.

दर ऑक्टोबरला प्रत्येक जागेची फेरतपासणी करायची. यंदा आमच्या यादीत चार जागा होत्या. तिसऱ्या जागेच्या वर कुणीतरी नवा काळा पाइप ओढ्यात सोडलेला दिसला. पाणी येत नव्हतं, पाइपचं तोंड अजून बांधलेलं होतं. आम्ही फोटो काढला, जागेपुढे प्रश्नचिन्ह टाकलं. जानेवारीच्या फेरीत ते तोंड सुटलेलं असेल, तर आमच्याकडे तीन जागा उरतील.